आरसा क्रमांक ३: पडलेली कड, नवतपा आणि माठाचं पाणी

शाळेच्या दुर्बिणीसाठी हातानं घासत असलेल्या आरशाची आज पहाटे पावणेपाचला फूको चाचणी घेतली, म्हणजे आरशावरून परतणाऱ्या उजेडात पातं आत सरकवून सावलीवरून त्याचा आकार पाहिला, आणि आरशाच्या दोन्ही कडांना केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. डावीकडेही आणि उजवीकडेही. मधला भाग एकसारखा राखाडी झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ती बारीक, स्थिर रेघ होती. गेले अकरा दिवस पात्याच्या बाजूची रेघ बेपत्ता होती आणि समोरच्या बाजूला जाडसर, चकचकीत पट्टा दिसत होता. म्हणजे कड पडलेली होती, तिथली काच जास्त घासली जाऊन खाली गेली होती. मंडळी, ती आता सुधारली. कशानं पडली आणि कशानं सुधारली, ते सगळं लिहितो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पिचवर (पॉलिशसाठीच्या चिकट, दाबाखाली हळूहळू वाहणाऱ्या मिश्रणावर) काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागणार.

आधी आरशाची थोडक्यात स्थिती. व्यास १५० मिलिमीटर, साधी जाड काच, जाडी २५. घासाई सुट्टीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच उरकली. ८० नंबरच्या घासपावडरीनं मध्यावर १.१७ मिलिमीटर खोली गाठली, मग आणखी बारीक १२०, २२०, ३२०, ६००. वक्रता त्रिज्या २४१२ आली, म्हणजे नाभीय अंतर १२०६, जवळजवळ एफ/८ (व्यासाच्या आठपट). इथवर काहीच अडलं नाही. टूल, म्हणजे ज्यावर आरसा घासायचा ती तबकडी, प्लास्टरचं, वर फरशीचे तुकडे, मागच्या वेळेसारखंच.

पॉलिशला सुरुवात केली आणि चौथ्या तासाला फूको चाचणीत कड पडलेली दिसली. शेवटचे साधारण ४ मिलिमीटर. एवढी कड झाकून टाकायची म्हटलं तर व्यास १४२ उरतो आणि दहा टक्के प्रकाश जातो. सुरुवातीला तोच विचार होता, काळ्या कागदाची रिंग लावून मोकळं व्हायचं. पण कड का पडली हे न कळता रिंग लावली, तर आरसा क्रमांक ४ ला पुन्हा तेच होणार, म्हणून थांबलो.

संशय एकेक करून तपासले. ६०० ची घासाई कडेपर्यंत पोचली नव्हती का? दहापट भिंगाखाली पाहिलं: कडेचे खड्डे आणि मधले खड्डे सारखेच. बेव्हल, म्हणजे कडेचा तिरका घास? पुरेसा होता, दीड मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे आरशाची मागेपुढे सरक, व्यासाच्या एक तृतीयांशच ठेवला होता. हाताचा दाब कडेवर येत होता का म्हणून आरशाच्या पाठीवर लाकडी मूठ चिकटवली आणि दाब मध्यावर आणला. तरी फरक नाही. आपल्या गटातल्या दारव्ह्याच्या सरांनी सुचवलं की लॅप (टूलवर ओतलेला पिचचा थर) आरशापेक्षा मोठी असेल. मोजली, १५० लाच होती, पण काम संपेस्तोवर १५४ व्हायची!

खरी खूण तीच होती. लॅपमधल्या खाचा, २५ मिलिमीटरच्या चौकोनांमधल्या, ५ मिलिमीटर रुंद कापलेल्या, पंधरा-वीस मिनिटांत मिटून जायच्या. कडेचे चौकोन बाहेर फुगायचे. मऊ पिच आरशाच्या वजनाखाली दबतं, आणि स्ट्रोकमध्ये आरशाची कड जिथं लॅपवर चढते तिथं समोर उंचवटा करून उभं राहतं. दर फेरीला कड त्या उंचवट्यावर घासली जाते, म्हणून कडेचीच काच जास्त जाते. तुम्ही स्ट्रोक कितीही आखूड करा, पिच मऊ आहे तोवर हे थांबत नाही.

पण पिच मऊ कसं? पाकातली तार पाहावी तसा दर वेळी नमुना पाहिला होता. ५०० ग्रॅम बिरोजा (चिडाच्या झाडाची राळ), चमचाभर मधमाशीचं मेण, आणि एरंडेल तेल चमच्याचमच्यानं, एकूण ४५ मिलिलिटर. प्रत्येक चमच्यानंतर थेंब पाण्यात टाकायचा, थंड झाला की अंगठ्याचं नख मध्यम जोरानं दहा सेकंद दाबायचं. बारीक खूण उमटली तर बरोबर. खड्डा पडला तर मऊ, टिचलं तर कडक. नमुना बरोबर आला होता.

इथं वणीच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: नमुना कोणत्या पाण्यात बुडवला होता?

माठाच्या.

थर्मामीटर लावला. माठाचं पाणी २४ अंश, खोली ३६. तोच तुकडा माठाच्या पाण्यातून काढला तर नखाची जेमतेम रेघ. तोच तुकडा दहा मिनिटं ३६ अंशाच्या पाण्यात ठेवला आणि नख दाबलं, तर गुळाच्या ढेपेत बोट शिरावं तसं नख आत शिरलं. पिचचा मऊपणा तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, झपाट्यानं वाढतो. बारा अंशांचा फरक म्हणजे जणू वेगळाच पदार्थ. परदेशातल्या पुस्तकांत नमुना ‘थंड पाण्यात’ तपासा असं लिहिलेलं असतं, कारण तिथं थंड पाणी आणि खोली यांत फारसा फरक नसतो. आपल्याकडे नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या पुढं जातो, आणि माठ तर बाष्पीभवनानं पाणी गार करण्यासाठीच असतो. तेव्हा इथून पुढं नियम हा: नमुना त्याच खोलीत तासभर ठेवलेल्या बादलीच्या पाण्यात बुडवायचा, आणि ज्या वेळेला काम करणार त्याच वेळेला. सकाळच्या पिचची परीक्षा दुपारी नको आणि दुपारच्या पिचची सकाळी नको.

उपाय सोपा निघाला. ते पिच पुन्हा वितळवून त्यात ३०० ग्रॅम बिरोजा वाढवला. म्हणजे तेलाचं प्रमाण दर ५०० ग्रॅमला २८ मिलिलिटरवर आलं. पण हे आकडे पाठ करू नका. बिरोज्याचा प्रत्येक लॉट वेगळा असतो, काही आधीच मऊ असतात. नमुन्यावर विश्वास ठेवा, चमच्यावर नाही. वितळवताना इलेक्ट्रिक शेगडी, मंद आच, उघड्यावर, आणि झाकण हाताशी. वाफा पेट घेतात. टर्पेंटाईन वापरणाऱ्यांनी तर गॅसजवळ जाऊच नये. मलमलच्या दुहेरी कापडातून गाळलं, कारण बाजारच्या बिरोज्यात साल आणि खडे असतात आणि एक खडा अख्ख्या पॉलिशवर चरा ओढतो. पूजेच्या दुकानात जी राळ मिळते ती यासाठी नको, ती सालवृक्षाची असते आणि वेगळी वागते. मोटर वाइंडिंगवाल्यांकडे सोल्डरिंगसाठी जो पिवळसर, काचेसारखा फुटणारा बिरोजा असतो, तो चालतो. नागपूरच्या इतवारीत किलोनं घेतलेला सगळ्यात स्वच्छ निघाला, म्हणून पुढच्या वेळी सगळ्यांसाठी एकदमच मागवू.

नवी लॅप ७ मिलिमीटर जाड ओतली. चौकोनांची जाळी मुद्दाम मध्यापासून सरकवून, कुठल्याही चौकोनाचा मध्य आरशाच्या मध्यावर येऊ नये म्हणून, नाहीतर गोल पट्टे पडतात. व्यास या वेळी १४७ ठेवला. कडक पिच कापताना टिचतं, म्हणून करवतीचं पातं पाण्याखाली चालवलं आणि हलक्या हातानं. मग आरसा वर ठेवून ५ किलोचं वजन, मधे सेरियमचा (काच चकाकवायच्या पावडरीचा) ओलावा, चाळीस मिनिटं थंड दाबणी. मऊ पिचला वीस पुरायची. कडक पिचला घाई चालत नाही. दाबणीनंतर आरसा सरकवून पाहिला तर सगळीकडे सारखी ओढ. तो स्पर्श ओळखीचा झाला की संपर्क बरोबर बसलाय हे हातालाच कळतं.

त्यानंतर मधोमध, एक तृतीयांश स्ट्रोक, अर्ध्या अर्ध्या तासाच्या बैठका, एकूण साडेपाच तास. पडलेली कड वर येत नाही, बाकीचा आरसा तिच्या पातळीला खाली न्यावा लागतो, म्हणून एवढा वेळ. तिसऱ्या तासाला पट्टा ४ वरून २ मिलिमीटरवर आला आणि आज पहाटे गेला. खाचा शेवटपर्यंत उघड्या राहिल्या.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण तिघांनी विचारलं. वाळ्याची ताटी नवी असली की कूलर खोली दहा अंशांनी खाली आणतो, पण त्याचा झोत लॅपच्या एकाच बाजूवर पडला तर ती बाजू कडक आणि दुसरी मऊ राहते. मी तर म्हणेन काम चालू असताना कूलर नकोच. रात्रभर चालवा, पहाटे साडेतीनला बंद करा, अर्धा तास हवा स्थिर होऊ द्या, मग बसा. साडेसातपर्यंत खोली ३२ च्या आत राहते. आमच्याकडे २२ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. शाळेच्या टिनाच्या छपराखाली त्या आठवड्यात दुपारी पॉलिश करणं म्हणजे पिच वाया घालवणं. (तेच छप्पर असलेला वर्ग चाचणीला मात्र उत्तम आहे, लांबी सहा मीटर आणि सुट्टीमुळे सगळा मोकळा.)

फूको चाचणीआधी आरसा स्टँडवर किमान एक तास. हातानं धरलेला आरसा पाच मिनिटांत मोजला तर मधे डोंगर दिसतो, तो काचेचा नसतो, हाताच्या उबेचा असतो.

सेरियमचं: कोरड्या हवेत गोळा दोन मिनिटांत सुकतो, लॅप धरते, चरा पडायची भीती. फवारणीची बाटली हाताशी ठेवा, पिण्याच्या गाळलेल्या पाण्याची. एक भाग सेरियम, पाच भाग पाणी. काच-बेव्हलवाल्यांकडचं गुलाबी सेरियम स्वस्त आहे पण त्यात जाड कण असतात. बरणीत ढवळून दोन मिनिटं थांबायचं, वरचं दूध दुसऱ्या बरणीत ओतायचं, तळ टाकून द्यायचा. एवढं केलं की महागड्या सेरियमची गरज राहत नाही. या आकाराला ६० ग्रॅम पुरतात. चराही नाही पडला.

आणि आता ज्याची सगळे वाट पाहत होते ते. पुसदच्या भाऊंनी वेल्डिंग करून दिलेल्या तात्पुरत्या चौकटीत आरसा बसवला आणि काल रात्री, कड पूर्ण सुधारायच्या आधीच, स्वातीच्या ताऱ्यावर तारा-चाचणी घेतली, म्हणजे फोकसच्या आत-बाहेर ताऱ्याची वलयं पाहिली. धातूचा चकचकीत मुलामा नसलेली काच जेमतेम ४ टक्के प्रकाश परत देते, म्हणजे तारा जवळजवळ साडेतीन प्रतींनी (तेजाच्या मापानं) मंद दिसतो. म्हणून स्वातीच घ्यायचा, मेच्या शेवटी दहाच्या सुमारास तो आपल्या डोक्यावर असतो आणि हवेचा थर सगळ्यात कमी. १० मिलिमीटर आयपीस, १२० पट. फोकसच्या बाहेर वलयं स्वच्छ, आत घेतल्यावर शेवटचं वलय किंचित धूसर. ती धूसरता म्हणजे उरलेली अर्धा-एक मिलिमीटर कड. आज रात्री पुन्हा पाहायचं. मग चंद्र. मुलामा नसलेल्या आरशातून चंद्र डोळ्यांना न खुपता बघता येतो, आणि गावातली पोरं चार दिवसांपासून विचारून राहिलीत.

आता पुढचं. आधी ठरलं होतं की आरशाचा वक्र गोलीयच ठेवायचा. १५० एफ/८ ला गोलीय आरसा प्रकाशाच्या साधारण पाव तरंगाएवढ्या चुकीच्या आत बसतो आणि शाळेसाठी तेवढं पुरे. पण कडक लॅप इतकी नीट वागतेय की अन्वस्त (पॅराबोला) करून बघावासा वाटतं. शाळा जूनच्या शेवटी उघडते, पाऊस त्याच्या आधीच येतो आणि मग दिवाळीपर्यंत आकाश नाही. म्हणजे मुलाम्याची घाई नाहीच. मुलाम्यासाठी पुण्याला आरसा आता पाठवण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये पाठवू.

अन्वस्तासाठी मोजमापाची सोय आधी करावी लागेल. दिवा आणि पातं एकाच गाड्यावर आहे, म्हणून पात्याच्या जागेतला फरक r²/2R (r म्हणजे पट्ट्याची त्रिज्या, R वक्रता त्रिज्या). चार पट्ट्यांचा मुखवटा: ३०, ५०, ६५, ७२ मिलिमीटर त्रिज्येवर फरक यायला हवेत ०.१९, ०.५२, ०.८८ आणि १.०७. गाडा सरकवायला एम-६ चा बोल्ट लावणार, त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. डोक्यावर २० भागांची चकती चिकटवली की ०.०५ पर्यंत वाचता येतं. मायक्रोमीटरवर पैसे घालायची गरज नाही, फक्त बोल्टचा ढिलेपणा काढायला मागून एक स्प्रिंग हवी, आणि वाचन नेहमी एकाच दिशेनं फिरवत घ्यायचं.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. लांब स्ट्रोक घेऊन अन्वस्त करायला गेलं तर पुन्हा कड पडण्याचा धोका आहेच. त्याऐवजी याच पिचची १०० मिलिमीटरची छोटी लॅप ओतून, आरसा खाली ठेवून, मध्यावर डब्ल्यू अक्षरासारखे नागमोडी स्ट्रोक दिले तर कडेला हातच लागणार नाही. पिच उरलंय ३५० ग्रॅम, पुरेल. उद्या पहाटे ओततो, नमुना बादलीच्या पाण्यात.

हिंगणघाटचे सर, तुमच्याकडची जुनी १०० ची काच टूल म्हणून मिळेल का? वणीच्या मॅडम येत्या रविवारी इकडे येणार आहेत, त्यांच्यासोबत दिली तरी चालेल. आणि कोणाकडे बारीक, मऊ स्प्रिंग असेल, पेनातली नव्हे, जरा जाड, तर ती पण.