आरासच्या भिंतीवर वॉल्टर टल

फ्रान्समध्ये आरास नावाचं गाव आहे, नाव ऐकलं की आपल्याला गणपतीची आरासच आठवते, पण आम्ही गेलो होतो तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाच्या भिंतीवरचं एक नाव बघायला. पॅरिसहून ट्रेनने तासाभरात पोचलो, पुढे चालत. सोबत माझा मुलगा, वय ९.

आम्ही इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनला राहतो. तिथे सिक्सफील्ड्स या फुटबॉल स्टेडियमबाहेर वॉल्टर टल या जुन्या फुटबॉलपटूचं स्मारक आहे, मॅचला जाताना एकदा पोराने विचारलं आई हा कोण, आणि मी वाचायला घेतलं ते थांबेचना.

१८८८ साली फोकस्टनला जन्म, वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटची. वॉल्टर ९ वर्षांचा होईपर्यंत आईवडील दोघंही गेले. त्याला आणि भाऊ एडवर्डला लंडनच्या अनाथाश्रमात ठेवलं, मग ग्लासगोच्या एका कुटुंबाने एडवर्डला दत्तक घेतलं आणि वॉल्टर एकटाच मागे राहिला. माझा पोरगा तेवढाच आहे हो, ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

१९०९ ला लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्याला संघात घेतलं. त्याच सीझनला ब्रिस्टलच्या मॅचमध्ये प्रेक्षकांनी रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की पेपरात छापून आलं, आणि त्याच बातमीदाराने लिहिलं की मैदानावरचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड टलच होता. तरी थोड्याच दिवसांत त्याला रिझर्व्ह टीममध्ये टाकलं. फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगच्या मॅच फक्त १०, गोल २. मला याचा अजून राग येतो. १९११ ला नॉर्दॅम्प्टनचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्याला इथे आणलं, हाफबॅक म्हणून, म्हणजे फॉरवर्डच्या मागे खेळवलं आणि इथे तो शंभरच्या वर मॅच खेळला, म्हणून आमच्या गावाला तो आपला वाटतो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसा १९१४ च्या डिसेंबरात तो फुटबॉलर्सच्या बटालियनमध्ये भरती झाला. काळ्या माणसाला ऑफिसर करायचं नाही असा तेव्हाचा लष्करी नियम, तरी १९१७ ला हा सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत पियावे नदीपलीकडे २६ जणांना घेऊन छापा मारला आणि सगळ्यांना धडधाकट परत आणलं. २५ मार्च १९१८ ला फाव्रई गावाजवळ गोळी लागून गेला. लेस्टरचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅमने त्याला ओढून आणायचा प्रयत्न केला पण गोळीबारात जमलं नाही, देह सापडलाच नाही, म्हणून कबर नाही, नुसतं नाव.

आणि अशी नावं तिथे जवळजवळ ३५,००० आहेत. स्मारक लुटियन्सचं, तोच आपल्या नवी दिल्लीवाला. पांढुरका दगड, उंच खांब, आणि भिंतभर बारीक कोरलेली अक्षरं, आधी रेजिमेंट मग हुद्दा मग नाव. भिंतीच्या ७ नंबरच्या भागात मी त्याची मिडलसेक्स रेजिमेंट शोधत होते तेवढ्यात पोरगा म्हणाला, "आई, सापडला!" टल, डब्ल्यू. डी. जे. एवढंच. अक्षरांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "फुटबॉल कुठे लिहिलंय?" कुठेच नाही लिहिलेलं.

त्याने बॅगेतून आपला नॉर्दॅम्प्टनचा डाळिंबी-पांढरा मफलर काढला, घडी करून नावाच्या खाली जमिनीवर ठेवला, वारा सुटला होता म्हणून वर एक दगडही ठेवला.