तीन झाडांची बागायतदारीण

दुपारी तीनच्या सुमाराला वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले, तर फरशीवर टोमॅटोची दोन फुलं पडलेली. वाऱ्यानं पाडली म्हणावं तर वारा नव्हता, कबुतरांनी म्हणावं तर कबुतरं समोरच्या एसीवर पेंगत होती. उचलून पाहिली. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मधोमध एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. दोन्ही फुलं बरोब्बर त्या पेरातून निसटली होती. कुठे ओरखडा नाही, चुरगळल्याची खूण नाही.

पुण्यात मार्च संपत आला की हे व्हायचंच. दुपारचा पारा 35च्या वर जायला लागला आणि रात्रही गार होईनाशी झाली की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही, आणि झाड फुलाला त्या पेरातून सोडून देतं. हे मला आता पाठ आहे. यंदाच्या थंडीपर्यंत टोमॅटोविषयीचं माझं ज्ञान एवढंच होतं, की सारासाठी लालबुंद घ्यायचे आणि कोशिंबिरीसाठी जरा करकरीत.

झाडं तीन. दोन कुंडीत आणि एक डिस्टेंपरच्या बादलीत. बादलीतलंच सगळ्यात जोमदार आलंय, त्यामुळे महागाच्या कुंड्यांकडे मी हल्ली जरा रागानं बघते. कोकोपीट, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड एवढं घालून मी थांबले होते. पण सोसायटीतल्या बागवाल्यांना कळलं, आणि एकीनं अंड्याची टरफलं सांगितली, दुसरीनं आंबट ताक, तिसऱ्या काकांनी केळीची सालं भिजवलेलं पाणी. झाडाची न्याहारी माझ्यापेक्षा बरी व्हायला लागली. टरफलांचं म्हणाल, तर टोमॅटो बुडाशी काळा पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे हे खरं, पण बहुतेक वेळा मातीत ते असतंच. पाणी एक दिवस बदाबदा आणि दोन दिवस टिपूस नाही असं झालं की ते वर चढत नाही. हे मी टरफलंवालीला सांगितलं. तिला टरफलंच आवडतात.

खरी गंमत फुलं लागल्यावर. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही, त्यामुळे बाहेरून कुणी पाहुणा यायची गरज नाही. फक्त कुणीतरी ते हलवायला हवं. पिवळी नळकांडी असते ना मधे, पराग तिच्या आत कोंडलेला असतो. रानात काळा भुंगा येतो, फुलाला लटकतो आणि पंख न उघडता अंगातले स्नायू असे थरथरवतो की पराग भुरभुर खाली येतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. युरोपातल्या काचघरांत पूर्वी माणसं हातात थरथरणारी कांडी घेऊन ओळीओळीनं फुलं हलवत फिरायची, मग 1980च्या दशकाच्या शेवटी भुंग्यांच्याच जातभाईंच्या पेट्या विकायला आल्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ना कांडी, ना पेटी. म्हणून रोज सकाळी दहा-साडेदहाला, ऑफिसची पहिली मीटिंग चालू असताना, मी कॅमेरा बंद करून गॅलरीत जाते आणि फुलांना मागून टिचक्या मारते. कानात कुणीतरी तिमाहीचे आकडे सांगत असतं. लेकाच्या बॅटरीवरच्या टूथब्रशनं हे काम झकास होतं म्हणतात, पण घरात शांतता राहायला हवी.

आणि मग हात. टोमॅटोच्या झाडाशी जरा वेळ खुडबुड केली की बोटांना हिरवट-पिवळा चिकटा लागतो. दिसत नाही लगेच, पण साबण लावला की फेस पिवळाधम्मक. आणि तो वास! टोमॅटोचा म्हणून जो वास आपल्याला आठवतो तो फळाला नसतोच फारसा, तो पानांवरच्या आणि देठाच्या त्या बारीक लवेत असतो. म्हणून मंडईत मी टोमॅटो दाबत बसत नाही, देठाकडून हुंगते. एकदा भाजीवाल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "ताई, भाजीये ती, अत्तर न्हाई." मी तरीही हुंगते. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांविषयी माझी मतं आहेत, ती इथे नकोत.

तर तो वास म्हणजे माझ्यासाठी जुन्नर तालुक्यातली आत्या. तिचं रान कुकडीच्या पाण्यावरचं, आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे टोमॅटोचा तोडा. पहाटे बाया यायच्या, डोक्याला फडकी, अंगात नवऱ्याचे जुने शर्ट. बांबू आणि तारा ठोकून सुतळीनं बांधलेल्या सऱ्यांमधून त्या वाकून पुढे सरकायच्या. फळ मुठीत, अंगठा त्या पेरावर, टक. देठाची चांदणी फळावरच राहायची. आम्ही पोरं ओढून तोडायचो, त्यात कधी देठ झाडाला राहायचा, कधी अख्खी फांदी हातात यायची. आत्या लांबूनच ओरडायची, "अंगठा लावा रं, अंगठा!" तिला पाठ करून कसं दिसायचं, कोण जाणे.

उन्हं चढेपर्यंत सगळ्यांचे हात काळेहिरवे. साबणानं तो चिकटा निघता निघत नाही. विहिरीवर बाया एकेक कच्चा टोमॅटो फोडायच्या आणि त्यानंच हात चोळायच्या. आंबट रसानं काळपट थर सुटून वाहून जायचा, आणि हात असे पांढरेफटक निघायचे की बघत राहावं. मी परवा गॅलरीतला एक हिरवा टोमॅटो फोडून करून पाहिलं. निघतं. पण माझ्या झाडाला त्या वेळी एकूण सात टोमॅटो होते, तेव्हा ही चैन परवडणारी नाही.

रानात कुणी एकेका टोमॅटोकडे बघायचं नाही. लाकडी खोक्यांत तळाला गवत, मग माल, वर पुन्हा गवत, पट्ट्या ठोकायच्या, रात्री टेंपो मुंबईला. घरात मात्र आत्याची सासू टोमॅटोला हात लावायची नाही. कापला की मांसासारखा दिसतो म्हणायची. ज्या पिकावर घराचं छप्पर पत्र्याचं झालं ते चुलीवर चढायचं तेव्हा म्हातारी ओसरीवर जाऊन बसायची.

2023च्या जुलैत टोमॅटोनं शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या निम्म्या सोसायटीनं कुंडीत टोमॅटो लावायची शपथ घेतली होती. जुन्नरकडच्या काही शेतकऱ्यांना कोटीच्या घरात पैसे मिळाल्याच्या बातम्या तेव्हा लोक एकमेकांना पाठवत होते. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये भाव इतके कोसळले होते की लोकांनी उभी पिकं सोडून दिली, औषधं मारायची थांबवली, आणि जुलैतला तुटवडा काही अंशी त्यातूनच आला होता. हे कुणी कुणाला पाठवलं नाही. शपथा ऑगस्टात विरल्या. मी तेव्हा घेतली नव्हती, म्हणून असेल, यंदा लावले.

पहिली फळं धरली तेव्हा मी आत्याला फोन केला. ती आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, रान मुलगा बघतो.

"आत्या, मी टोमॅटो लावलेत."

"कुठं? रान घेतलंस का?"

"नाही गं, गॅलरीत. कुंडीत."

"किती झाडं?"

"तीन."

फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आत्या म्हणाली, "बरंय. औषध काय मारलंस?"

मी म्हटलं, कडुनिंबाचं तेल, आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट कागद लावलाय. पांढरी माशी आली की पानं गोळा होतात, एवढं मी वाचून ठेवलं होतं. आत्यानं मागे वळून कुणाला तरी सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "आली बघ तीन झाडांची बागायतदारीण." पण मग अर्धा तास बोलली. बगलेतले फुटवे काढ, जीव अडकवू नको. खालची पानं मातीला टेकू देऊ नको, करपा तिथनंच चढतो. आणि फळ असं ओढू नको.

"अंगठा लावायचा," मी म्हटलं.

"हां."

फोन ठेवल्यावर मला ती एक सुट्टी आठवली, माझ्या लेखी सगळ्यात भारी. पाचवी-सहावीत असेन. त्या वर्षी आम्ही पोरांनी टोमॅटोनं मारामारी केली. सरीत लपून, पिकलेले, गळालेले, जे हाताला लागेल ते. कपडे लाल, केसांत बिया. तोडायला बाया येत नव्हत्या, सगळं रान आमचंच. धनगराची मेंढरं आत शिरली होती आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बांधावर उभे राहून बघत होते. मेंढरांनाही हाकललं नाही, आम्हालाही नाही. ज्या बाईला पाठ करून उभी असतानाही आमचे अंगठे दिसायचे, ती महिनाभर एका शब्दानं ओरडली नाही. आम्हाला वाटलं, आत्या यंदा फारच लाडात आलीय.

त्या वर्षी मुंबईच्या आडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, उलटी आली होती. मालाच्या पैशांपेक्षा भाडं, हमाली आणि आडत जास्त, म्हणजे माल पाठवून वर यांनीच देणं लागायचं. हे मला कॉलेजात गेल्यावर बाबांकडून कळलं. मी त्यांना विचारलं, मग पुढच्या वर्षी काय लावलं त्यांनी?

"टोमॅटोच की," बाबा म्हणाले. "दुसरं काय लावणार?"