आमची वाटचाल : आवाज न करणारा डबा

धंद्याची सुरुवात एका तक्रारीतून झाली, आणि तक्रार माझीच होती. मी गिटार वाजवायचो, भागीदार ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. माझी सहा पेडलं (गिटारचा आवाज बदलणारी, पायाशी ठेवायची छोटी यंत्रं) एकाच ॲडॉप्टरवर, एकातून दुसऱ्यात वायर ओढून चालायची. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) जोडला की डिस्टॉर्शनमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून) बारीक शिट्टी यायची. डिस्टॉर्शन ९ व्होल्टच्या बॅटरीवर घेतलं की शिट्टी गायब. भागीदार म्हणाला, "ही बॅटरीची शांतता आपण भिंतीतल्या विजेतून काढू." एवढ्यावर आम्ही उडी घेतली. हिशेब वगैरे नंतर.

पेडलांना वीज पुरवणाऱ्या आमच्या पहिल्या डब्यात एक ट्रान्सफॉर्मर, एक ७८०९ (व्होल्टेज ९ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) आणि आठ सॉकेटं. जाड गुणगुण गेली, शिट्टी जागच्या जागी. आम्ही कपॅसिटर वाढवत बसलो, म्हणजे दुखणं पोटाला आणि लेप कपाळाला. आठही सॉकेटांचं ग्राउंड (करंट परतण्याची वाट) एकच होतं, आणि पेडलं गिटारच्या केबलींनीही एकमेकांना जोडलेली. डिजिटल पेडल करंट झटक्याझटक्यांनी ओढतं. तो करंट या सामाईक वाटांवरून परततो आणि तिथे पडणारं जरासं व्होल्टेज पुढच्या पेडलला सिग्नलच वाटतं. डिस्टॉर्शन ते शेकडो पटींनी मोठं करून ऐकवतं. विकलेले डबे आम्ही परत मागवले.

मग प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र गुंडाळी, स्वतंत्र डायोड, स्वतंत्र रेग्युलेटर. वाइंडिंगवाले काका वैतागले. "अरे, एवढी टोकं कशाला? एकच जाड गुंडाळी देतो की!" पण दिलं करून. १२ व्होल्टची गुंडाळी, पुढे १००० मायक्रोफॅरड. १०० मिलिअँपिअर ओढले की १०० हर्ट्झचा साधारण १ व्होल्ट रिपल (व्होल्टेजचा चढउतार) उरतो. तो एलएम ३१७ हा रेग्युलेटर दाबतो. त्याच्या ॲडजस्ट पायावर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला की दाब ६५ डेसिबलच्या आसपासवरून ८० च्या घरात जातो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जुनी, पॉझिटिव्ह ग्राउंडची (म्हणजे सप्लायचं अधिक टोक ग्राउंडला जोडलेली) फझ पेडलंही, प्रत्येक सॉकेट स्वतंत्र झाल्यामुळे, आता इतरांच्या शेजारी बिनबोभाट चालू लागली. हा फायदा आम्ही ठरवून मिळवला नव्हता, पण जाहिरातीत मात्र ठरवल्यासारखाच लिहिला.

एका खेपेला मात्र डबे टेबलावर ठणठणीत चालायचे आणि झाकण लावलं की काही वेळाने फ्यूज उडायचा. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर मधोमध एका बोल्टने तळाला आवळलेला असतो. त्या खेपेचे बोल्ट जरा लांब आले होते. वरचं टोक झाकणाला टेकत होतं. रंगाचा थर होता तोवर निभावलं, रंग खरवडला गेला आणि तळ, बोल्ट, झाकण मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार झाला. अर्धा दिवस आम्ही सर्किट तपासत होतो आणि चोर निघाला बोल्ट! तेव्हापासून बोल्ट मापूनच घेतो.

सगळ्यात जास्त छळलं ते एका गिऱ्हाइकाच्या वाह पेडलने (पायाने खालीवर करून 'वा-वा' असा आवाज काढायचं पेडल). डबा आमच्याकडे आला की ऑसिलोस्कोपवर रेघ सरळ, त्यांच्याकडे गेला की गुणगुण. शेवटी त्यांना म्हटलं, पेडलबोर्डच घेऊन या. डबा बोर्डाच्या खाली आणि बरोबर त्याच्या डोक्यावर वाह. वाहमध्ये तारेचं वेटोळं असतं, ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडत होतं. वाह बॅटरीवर लावलं तरी गुणगुण कायम! म्हणजे सप्लायच्या वायरीतून काहीच येत नव्हतं. त्यांनी वाह वीतभर सरकवलं आणि प्रश्न मिटला, पण आम्हाला झोप लागेना. आता बोल्ट पक्का आवळण्याआधी वर एक चालू वाह ठेवतो, टोरॉइड हाताने हळूहळू फिरवतो आणि जिथे आवाज सर्वांत कमी, तिथे मार्करने खूण करून आवळतो. वेळखाऊ काम आहे. भागीदाराला ते पटत नाही, पण खूण तोच करतो, कान त्याचे बरे आहेत.

हल्ली सगळे हलका डबा मागतात, म्हणजे स्विचिंग सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारा). नमुना तयार आहे. त्याची फ्रिक्वेन्सी कानाच्या पल्ल्याबाहेर आहे, पण एका डिलेच्या क्लॉकशी (त्याच्या आतल्या ठोक्यांच्या फ्रिक्वेन्सीशी) तिची गाठ पडली की दोघांतला फरक शिट्टी होऊन ऐकू येतो. ती जाईपर्यंत तो डबा टेबलावरच राहणार.