नाव नसलेला गहू

दिवाळीनंतर आमच्याकडे बियाण्याची पाकिटं भरायची घाई असते. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात तेव्हाच पुरंदरचे एक आबा आले आणि टेबलावर फडक्याची गाठ सोडली. आत चार मुठी गहू आणि पाच ओंब्या.

"ताई, ह्याचं नाव सांगा. गावात लोक बी मागायला लागलेत."

ओंबी बघताक्षणी ओळखली. तपकिरी तूस, आखूड कुसळं. गव्हाचे नवे वाण काढणं हे माझं काम, आणि ही चार वर्षांपूर्वी सहाव्या पिढीत मीच बाद केलेली ओळ, म्हणजे संकरातून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला, वाण व्हायच्या आधीचा गहू. तिला नाव नव्हतंच, नुसता नंबर होता. शिवारफेरीत आबांनी दोन ओंब्या खिशात घातल्या होत्या. असं बरेच जण करतात, आम्ही काणाडोळा करतो. त्या दोन ओंब्यांचं त्यांनी अर्धा एकर केलं. हलकी जमीन, विहिरीवर जेमतेम तीन पाळ्या पाणी, तरी पाच क्विंटल उतारा. शिवाय "सूनबाई म्हणते, डब्यातली पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते."

बाद केली ती काळ्या तांबेऱ्यामुळे, म्हणजे देठावर फोड आणणाऱ्या बुरशीच्या रोगामुळे. आमची प्रत्येक ओळ तांबेऱ्याच्या वाफ्यातून जाते. कडेला लगेच बळी पडणारे वाण पेरायचे, दव पडायच्या वेळी बीजाणूंचं पाणी फवारायचं, काही पोंग्यांत सुईनं टोचायचं. मग रोज वाकून देठ बघायचे. ह्या ओळीपुढे मी 60 एस लिहिलं होतं. म्हणजे 60 टक्के देठ व्यापलेला आणि विटकरी भुकटी बोटाला लागेल असे मोठे फोड. आबांच्या रानात रोग पोचलाच नाही, एवढंच. काळा तांबेरा उन्हाळ्यात मैदानात जगत नाही, निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तग धरतो आणि तिथून वाऱ्यावर उत्तरेकडे येतो. महाराष्ट्र त्या वाटेवरच आहे. एक सहकारी म्हणाले, "अर्ध्या एकरानं काय होतंय?" गव्हावर आयुष्य घालवलेल्या माणसानं असं बोलू नये. रोग त्याच अर्ध्या एकरात वाढतो आणि पुढच्या शिवारात जातो.

हे सगळं आबांना सांगितलं. निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती हा वाण सुचवला. कमी पाण्यासाठीच काढलेला, तांबेऱ्याला दाद न देणारा.

"चांगला असंल. पण हा मी चार वर्षं बघितलाय."

ते गेल्यावर शीतगृहाची नोंदवही उघडली. त्या नंबरचं पाकीट नव्हतं. बाद म्हणजे बीसुद्धा ठेवायचं नाही, जागा पुरत नाही म्हणून. पोळीची चाचणी तर तिच्या वाट्याला आलीच नव्हती, कारण तिथवर ती पोचलीच नाही. म्हणजे हा गहू आता फक्त आबांच्या घरात होता. सही माझीच होती.

दुसऱ्या दिवशी सासवडच्या पुढे त्यांच्या घरी गेले आणि मूठभर बी मागितलं. त्यांनी पायली भरून दिलं.

जानेवारीत निसवलं, ओंब्या बाहेर आल्या की संकर करीन. परागकोष हिरवे असतानाच चिमट्यानं काढायचे, प्रत्येक फुलात तीन. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच फळतं. मग परके पराग पडू नयेत म्हणून ओंबीवर बटर पेपरची पिशवी, दोन-तीन दिवसांनी सकाळी तांबेऱ्याला टिकणाऱ्या वाणाचे पराग. पुढे प्रत्येक पिढी पुन्हा त्याच वाफ्यातून.

"किती वर्षं लागतील?" आबांनी विचारलं.

"दहा-बारा."

"मग तोवर मी हाच पेरतो. गावात नाही देत कुणाला."

पेरू नका, असं मला तेव्हा म्हणता आलं नाही. देठावर विटकरी फोड दिसला की त्याच दिवशी फोन करा, एवढंच सांगितलं. सूनबाईंनी माझा नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला.