तेल बदललं, पण कशाच्या बदल्यात?

लोणी चांगलं की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. जेवणातून लोणी काढलं तर भूक तेवढीच राहते, त्यामुळे त्या जागी दुसरं काहीतरी येतंच. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल आलं तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरतं. पांढरा पाव आणि साखर आली तर हृदयविकाराचा धोका जवळपास होता तिथेच राहतो, वर रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड चढतात. 'लो फॅट' पदार्थांची गोची हीच. फॅट काढलं की चव जाते आणि ती परत आणायला साखर किंवा स्टार्च घालावा लागतो. फळांच्या चवीच्या लो फॅट दह्याचा डबा हातात आला की फॅटचा आकडा सोडून आधी साखरेचा वाचा.

थोडं रसायनशास्त्र लागेल. तेल असो वा चरबी, रेणूची बांधणी एकच: ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ती सॅच्युरेटेड. अशा साखळ्या सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ते फॅट नेहमीच्या तापमानाला घट्ट राहतं. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो, रचना सैल होते आणि पदार्थ पातळ राहतो. एक बंध असेल तर मोनोअनसॅच्युरेटेड, जास्त असतील तर पॉलीअनसॅच्युरेटेड. निसर्गात कुठलंही फॅट एकाच जातीचं नसतं, फरक प्रमाणाचा असतो. सॅच्युरेटेडचा वाटा खोबरेल तेलात 80 टक्क्यांच्या वर, पाम तेलात निम्मा, लोण्यातल्या वजनाचाही साधारण निम्मा. सोयाबीन तेलात तो 15 टक्क्यांच्या आसपास, ऑलिव्ह तेलात 14, सूर्यफुलात 10-11 आणि कॅनोलात 7 टक्के. 'वनस्पतीजन्य' म्हणजे हृदयाला बरं, ही समजूत खोबरेल आणि पाम तेलापाशीच मोडते. तेलाच्या बाटलीवर ठळक छापलेलं 'कोलेस्टेरॉल फ्री' तर निव्वळ विनोद आहे, कारण वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच.

सॅच्युरेटेड फॅटने एलडीएल का वाढतं? यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून रक्तातून काढून घेणारे रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1985 सालचं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टरवरच्या कामासाठी. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. सगळी सॅच्युरेटेड मेदाम्लं सारखी नाहीत, हेही खरं. कोको बटरमध्ये भरपूर असलेलं स्टिअरिक ॲसिड एलडीएल फारसं वाढवत नाही. चीज आणि लोण्यातून सारखंच फॅट दिलं तर चीजने एलडीएल कमी वाढतं, असंही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून चीज मनसोक्त खायला मोकळीक मिळत नाही, मात्र नुसत्या ग्रॅमवर पदार्थाचा निकाल लावता येत नाही.

तरी ग्रॅम मोजावेच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांच्या एकूण कॅलरीपैकी फॅटमधून 30 टक्क्यांपर्यंत, सॅच्युरेटेडमधून 10 टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्समधून (त्याबद्दल पुढे) फार तर 1 टक्का याव्यात. एक ग्रॅम फॅट म्हणजे 9 कॅलरी. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर सॅच्युरेटेडची मर्यादा 22 ग्रॅम होते. आता बेरीज करा. एक मोठा चमचा लोणी 7 ग्रॅम, पेलाभर (240 मिली) साय न काढलेलं दूध 4.5 ग्रॅम, 30 ग्रॅम चेडर चीज साडेपाच ते सहा ग्रॅम. सतरा ग्रॅम इथेच झाले. बिस्किटं, केक, आइस्क्रीम, मांस यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

स्वयंपाकातल्या तेलाचा हिशेब रोज चमच्याने मोजत बसण्यापेक्षा महिन्याच्या खपावरून करणं सोपं आणि जास्त खरं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 915 ग्रॅम. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर लागत असेल तर माणशी रोज सुमारे 23 ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, बस. बाटलीतून थेट कढईत धार सोडली की अंदाज हमखास चुकतो. एका मोठ्या चमच्यात जवळपास 14 ग्रॅम तेल आणि 120 कॅलरी असतात, आणि हा आकडा सगळ्या तेलांना सारखाच. 'लाइट' ऑलिव्ह तेलातही तेवढ्याच कॅलरी, हलका असतो तो रंग आणि स्वाद.

ट्रान्स फॅटच्या बाबतीत मात्र 'कशाच्या बदल्यात' विचारायची गरज नाही. ते कशाच्याही बदल्यात आलं तरी तोटाच. विल्हेल्म नॉर्मन यांनी 1902 मध्ये द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हे हायड्रोजनेशन अर्धवट राहिलं की काही दुहेरी बंध उलट्या बाजूला वळतात, साखळी पुन्हा सरळ होते आणि तेल घट्ट, स्वस्त, टिकाऊ बनतं. बेकरीला आणखी काय हवं! मेनसिंक आणि कटान या डच संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि शिवाय एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल उतरवतं. डेन्मार्कने 2003 मध्ये 100 ग्रॅम फॅटमागे 2 ग्रॅमची कायदेशीर मर्यादा घातली, पुढे इतर देश त्या वाटेने गेले. लेबलवरच्या शून्यावर मात्र विसंबू नका. अमेरिकेच्या नियमात एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर '0' लिहिता येतं. 0.4 ग्रॅमची पाच सर्व्हिंग खाल्ली की 2 ग्रॅम, म्हणजे दिवसाची मर्यादा जवळपास संपली. घटकांच्या यादीत 'पार्शली हायड्रोजनेटेड' दिसलं तर पाकीट परत ठेवा.

तळणाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, की तेल तळताना आत शिरतं. बरंचसं तेल शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. कढईत असताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर रेटत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. बाहेर काढला की वाफ थंडावते, आत दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर उचलताच झटकायचं आणि कढत असतानाच कागदावर टिपायचं. पाच मिनिटांनी टिपून फारसं काही हाती लागत नाही. तापमान 170 ते 180 अंश सेल्सिअस ठेवा. थंड तेलात कवच धरायला वेळ लागतो, पदार्थ जास्त वेळ राहतो आणि तेलकट होतो. एकदम ढीगभर टाकला तरी तापमान कोसळून तेच घडतं. मीठ तळून झाल्यावरच लावा आणि वापरलेलं तेल चुरा गाळून ठेवा. उरलेल्या कणांमुळे तेल लवकर खराब होतं. तेल गडद झालं, चिकट झालं, न विरणारा फेस आला किंवा पूर्वीपेक्षा लवकर धुरावलं तर ते टाकून द्यायचं. नवं तेल ओतून जुनं 'वाढवणं' ही काटकसर चुकीची.

तेलाच्या पिंपाबाहेरचं फॅट सहसा जास्त कामाचं असतं. बदाम, अक्रोड, मासे यांच्याबरोबर प्रथिनं आणि इतर पोषकद्रव्यंही येतात. सूर्यफूल, सोयाबीनसारख्या ओमेगा-6 तेलांनी शरीरात दाह वाढतो, ही हल्लीची भीती माणसांवरच्या प्रयोगांत टिकलेली नाही. ओमेगा-3 कमी पडतं ही तक्रार मात्र रास्त. वनस्पतींतलं ओमेगा-3 म्हणजे अल्फा-लिनोलेनिक ॲसिड रोज बाईला 1.1 आणि पुरुषाला 1.6 ग्रॅम लागतं. एक मोठा चमचा दळलेल्या जवसात ते साधारण भागतं. जवस अख्खं गिळलं तर बरंचसं न पचता बाहेर पडतं. माशांमधल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लांची जागा मात्र जवस पूर्ण भरून काढत नाही, कारण शरीर त्यातला थोडाच भाग बदलू शकतं. मासे खाणाऱ्यांनी सामन, मॅकरेल, सार्डिन असे तेलकट मासे आठवड्यातून एक-दोनदा खावेत.

अंड्यात 5 ग्रॅम फॅट असतं, त्यातलं सॅच्युरेटेड दीड ग्रॅम. कोलेस्टेरॉल 186 मिलिग्रॅम हा आकडा घाबरवतो, पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा रक्तावर जास्त परिणाम होतो. अंडं लोण्यात परतता की तेलात, हे आधी बघा. एलडीएल जन्मजात खूप जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

आणि जवसाचं तेल आणलंच तर छोटी, गडद काचेची बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि वरून घालायलाच वापरा. ते 110 अंशांच्या आसपासच धुरावतं. जुन्या ऑइल पेंटसारखा वास आला तर ते खवट झालं आहे.