प्लँक्स्टी, पुन्हा एकदा

लिअम ओफ्लिनचं कोपर आज दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

प्लँक्स्टी या आयरिश लोकसंगीताच्या बँडचं २००४ चं रेकॉर्डिंग पाहिलं. डब्लिनचं व्हिकर स्ट्रीट सभागृह. ख्रिस्टी मूर, अँडी अर्विन, डोनल लनी आणि लिअम, वीसेक वर्षांनी एकत्र!

लिअमचे इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखालचा भाता हवा भरतो, दुसऱ्या काखेतली पिशवी दाबली की सूर निघतात. चेहरा मोकळाच. आणि त्याचा चेहरा इतका शांत, की मधली वर्षं गेलीच नाहीत असं वाटावं. मला तर भरूनच आलं.

२०१८ मध्ये लिअम गेला. तेव्हा जमले नसते तर हे चौघे पुन्हा एकत्र ऐकायलाच मिळाले नसते.

आपण जुन्या साथीदारांना फोन करायला एवढा वेळ का लावतो?