आकडा कुठला, ते सांग

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे आमचं डीटीपी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. उद्यमबागेकडची इंजिनिअरिंगची पोरं, एमबीएच्या मुली, फार्मसीवाले, मच्छेहून व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचे पीएचडीवाले, सगळ्यांची ये-जा असते. मी स्वतः बी.कॉम. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही टाइप करते, आणि पानं जुळवता जुळवता वाचायची खोड लागली ती लागलीच.

मागच्या आठवड्यात एक प्राध्यापक एका शोधपत्रिकेचा अंक घेऊन आले. त्यात त्यांचा लेख छापून आला होता आणि बढतीच्या फाइलीला लावायला त्याच्या रंगीत प्रती हव्या होत्या. मशीन तापेपर्यंत मी अनुक्रमणिका बघितली. ओतकामातले दोष, ऑनलाइन खरेदी करणाऱ्या ग्राहकाचं मन, नेटवर्कवरचे हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर आणि तोंडात विरघळणारी गोळी, सगळं एकाच अंकात. हे सगळे लेख तपासणारा माणूस कोण असेल, याचं मला फार कुतूहल वाटलं. यूजीसीने चांगल्या पत्रिकांची केअर यादी काढली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करून निवडीचं काम विद्यापीठांवर आणि संस्थांवर सोपवलं. तेव्हापासून 'अक्का, हे जर्नल चालतंय काय?' हा प्रश्नसुद्धा बाइंडिंगच्या काउंटरवर यायला लागलाय. मला काय माहीत? पण एक गोष्ट मी बघते. निष्कर्ष सोडून देते आणि आकडा कुठून आणलाय ते शोधते. त्या अंकातले चारही विषय माझ्या दुकानात रोज येतात, आणि चारही ठिकाणी खरी गंमत तिथेच सापडते.

सुरक्षेपासून सुरू करते, कारण तिथे सगळ्यांचेच मार्क चांगले असतात. 'आमची पद्धत ९९ टक्के अचूक' हे वाक्य मी इतक्या वेळा छापलंय की आता बोटं आपोआप चालतात. मग कोणत्या माहितीवर तपासलं ते बघावं, तर केडीडी कप ९९. नावातच साल आहे. १९९८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या दार्पा संस्थेसाठी एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये हवाईदलाच्या नेटवर्कची नक्कल उभी करून त्यावर लुटूपुटूचे हल्ले केले, त्याच्या नोंदींतून हा साठा तयार झाला. २००९ मध्ये काही संशोधकांनी तो उलटापालटा करून बघितला, तर सॉफ्टवेअरला शिकवायच्या भागातल्या जवळपास ७८ टक्के आणि परीक्षेच्या भागातल्या ७५ टक्के नोंदी एकसारख्या, पुन्हा पुन्हा आलेल्या निघाल्या. तेच तेच प्रश्न विचारल्यावर ९९ मार्क पडायचेच. त्यांनी त्या गाळून एनएसएल-केडीडी नावाची सुधारित आवृत्ती काढली. आता तीसुद्धा जुनी झाली, पण प्रोजेक्ट त्याच्यावरच.

१९९८ साली बेळगावात फोन करायला एसटीडी बूथच्या रांगेत उभं राहत होतो आम्ही. यूपीआय आलं २०१६ ला. आज आमच्या गल्लीत निवृत्त माणसाला 'डिजिटल अरेस्ट'चा व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाच्या वेशातला माणूस बसलेला असतो. त्या नोंदींत हे कुठून सापडणार? एक मात्र सांगायला पाहिजे. क्वांटम संगणकालाही उघडता न येणाऱ्या कुलपांवर काम करणारे अधूनमधून येतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पहिली तीन मानकं कायम केली. ते गणित मला शून्य कळतं, पण तक्ते आवडतात. किल्ली इतक्या बाइटची, सही करायला इतका वेळ. जे मोजलं तेच लिहिलेलं असतं.

एमबीएच्या थिसिसमध्ये एक आकडा देवासारखा सगळीकडे हजर असतो. ३८४. 'आम्ही ३८४ ग्राहकांची मतं घेतली.' क्रेची आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. लोकसंख्या एवढी असेल तर नमुना किती घ्यावा, याचा. दहा लाखांसमोर ३८४ आहे, आणि त्यापुढे लोकसंख्या कितीही वाढली तरी तो जवळपास हलत नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा ४७ लाखांवर होता, म्हणून ३८४. गणितात चूक काही नाही. पण त्या गणिताला एक अट आहे, की माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली असावीत. इथे गुगल फॉर्म हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो, तिथून चुलतभावाच्या ग्रुपवर, आणि ३८४ भरले की बंद. कव्हरवर मात्र सोनेरी अक्षरात 'बेळगाव जिल्ह्यातील ग्राहक'. पुढे क्रॉनबॅकचा अल्फा काढतात, १९५१ पासून चालत आलेला. तो ०.७ च्या वर गेला की मार्गदर्शक खूष. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. उत्तरं दिली कुणी, हे तो सांगत नाही.

आणि आमच्या भागात ग्राहक म्हणजे कोण? शनिवारी गणपत गल्लीत, खडे बाजारात उभं राहून बघा. चंदगडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतात. जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, बाजार आमचा. फॉर्ममध्ये 'जिल्हा' म्हणून जी यादी उघडते तिच्यात फक्त कर्नाटकातले जिल्हे. म्हणजे दुकानदाराच्या हंगामाची निम्मी मदार ज्यांच्यावर, ते लोक संशोधनात नाहीतच. एका मुलीला मी हे बोलून दाखवलं. तिने कागदी फॉर्म झेरॉक्स करून घेतले, कन्नड एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला, आणि बाजारात उभी राहिली. परत आणलेल्या गठ्ठ्यावर चहाचे डाग, मागच्या बाजूला पेन्सिलीने खुणा. कुणी नवऱ्याला विचारून उत्तर दिलं, कुणी भाव विचारून कोल्हापूरला फोन लावला, कुणी 'वेळ नाही बाई' म्हणून निघून गेलं. नकार देणाऱ्यांचीही तिने नोंद ठेवली होती. ते मी पहिल्यांदाच बघितलं.

फाउंड्रीचं सांगायलाच पाहिजे. बेळगावात ज्यातलं कुणीच ओतकामात नाही असं घर शोधावं लागेल. आमच्याकडे माझे दीर उद्यमबागेत होते, घरी आले की मानेवरून काळी वाळू निघायची. तर मेकॅनिकलची पोरं हल्ली फोटो बघून कास्टिंगमधला दोष ओळखणारं सॉफ्टवेअर बनवतात. चांगलं आहे. फोटो कुठले? इंटरनेटवर एक फुकट संच मिळतो, सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरचे, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाचे, ७ हजारांहून जास्त फोटो, राजकोटकडच्या एका कारखान्यातले. कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलं की रिजेक्शनचा, म्हणजे नापास कास्टिंगचा, ढीग रस्त्यावरून दिसतो, आणि फोटो राजकोटचे! कारण विचारलं तर 'कारखान्यात आत सोडत नाहीत अक्का.' तेही खरं आहे. आपलं रिजेक्शन कोण कुणाला दाखवतो?

पण एकाने आत जायची सोय लावली. मामा तिथे मोल्डिंगला. विषय जुनाच होता, ग्रीन सँडमधले, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यातले, ब्लो होल. वाळू, बेंटोनाइटची चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी, यात पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड पडताच वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती आत पोकळी करून बसते. पाणी कमी झालं तर मोल्डच ढासळतो. त्याने तागुची पद्धत वापरली. चार गोष्टी, प्रत्येकीचे तीन टप्पे. सगळ्या जोड्या करून बघायच्या तर ८१ प्रयोग. तागुचीच्या एल-९ तक्त्यात ते ९ मध्ये भागतं. एवढ्यावर गाडी निघायला हरकत नव्हती. पण त्याने जुलैमध्ये मोजलं. आमच्याकडचा जुलै म्हणजे वाळत घातलेला रुमाल चार दिवस ओला. सकाळी मोजलेली वाळूची ओल दुपारी वेगळी यायची, शेडच्या दाराजवळची वेगळी, आतली वेगळी. नऊ प्रयोगांच्या नीटस तक्त्याला त्याने खाली एक लांबलचक टीप जोडली होती, की पाण्याचे तीन टप्पे म्हणजे प्रत्यक्षात तीन नव्हेत, तीन पट्टे आहेत. मार्गदर्शक म्हणाले, टीप काढ, व्हायवाला प्रश्न येतील. माझ्या मते सबंध रिपोर्टात वाचण्यासारखं तेवढंच होतं. मी काही बोलले नाही, तो माझा प्रांत नव्हे. टीप राहिली, एवढं खरं.

फार्मसीचे रिपोर्ट सगळ्यात नेटके. ३७ अंश तापमान, ९०० मिली द्रव, पॅडल मिनिटाला ५० फेरे, दर काही मिनिटांनी गोळी किती विरघळली त्याचा आलेख. भेंडीचा चिकट गर, इसबगोल असलं काही घालून गोळी लवकर फुटते का ते बघतात. पुढे टिकाऊपणाची चाचणी, ४० अंश आणि ७५ टक्के दमट हवेत सहा महिने. ही चाचणी वाचली की मला नेहमी आमच्या जिल्ह्यातलं एक जुनं काम आठवतं, ज्याच्याबद्दल बेळगावातल्याच लोकांना फारसं माहीत नसतं.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन चांगलं, पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उपकेंद्रावर फ्रिज नाही, असला तर वीज नाही. मग गोळी चालेल का? मिसोप्रोस्टॉल साध्या तापमानात राहतं, तोंडाने घेता येतं. इथल्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात ते तपासलं. १६२० बायका. निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. देणाऱ्या एएनएमला, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सलाही, माहीत नाही कुणाला काय मिळालं. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. हिशेबाने दर १८ बायकांमागे एकीचा रक्तस्राव टळला. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मला गोळीपेक्षा पिशवीचं जास्त अप्रूप आहे. कारण रक्त किती गेलं, हे मोजायचं कसं? माझी मावसबहीण खानापूरच्या बाजूला एएनएम होती. ती म्हणायची, 'लुगडं किती भिजलं, फरशीवर किती सांडलं, बघून अंदाज सांगायचा. आणि आम्ही कमीच सांगायचो, बाई घाबरू नये म्हणून.' या अभ्यासासाठी त्यांनी प्लॅस्टिकची एक चादर वापरली. बाळंतिणीच्या कमरेखाली घालायची, पोटाभोवती नाडीने बांधायची, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलीच्या खुणा. जेएनएमसीतच डोळ्यांचा अंदाज आणि ही पिशवी यांची तुलना केली, तर डोळ्यांचा अंदाज पिशवीपेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे त्याआधी अंदाजावर जेवढे आकडे कागदावर गेले, त्यांतल्या बऱ्याच बायका 'ठीक' म्हणून गेल्या असतील.

खुणांची चादर पुढे लांब गेली. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० इस्पितळांत झालेल्या ई-मोटिव्ह नावाच्या अभ्यासात निम्म्या इस्पितळांनी बाळंतपणाला अशी मोजपट्टीची चादर वापरली आणि रक्तस्राव जास्त दिसला की लगेच उपचारांचा एकच संच दिला, बाकीच्यांनी नेहमीची पद्धत ठेवली. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावं लागणारं पोटाचं ऑपरेशन किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के, तर चादर आणि संचवाल्या इस्पितळांत १.६ टक्के निघालं. त्या संचातली औषधं जुनीच होती. रक्त किती जातंय ते वेळेवर कळलं, मोठा फरक तिथे पडला. औषधाच्या बाजूनेही काम थांबलं नव्हतं. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन, ऑक्सिटोसिनसारखंच काम करणारं औषध, २०१८ मध्ये दहा देशांतल्या २९ हजारांवर बायकांवर तपासलं गेलं, त्यातही जेएनएमसी होतं. ३० अंशांत तीन वर्षं टिकणारं इंजेक्शन. फार्मसीच्या पोरांना ४० अंश, ७५ टक्के हा तक्ता भरताना कंटाळा येतो, तेव्हा मी त्यांना हे सांगते. काही ऐकतात, काहींना उद्याचं सबमिशन असतं.

'अक्का, सिमिलॅरिटी १० च्या खाली आणून द्या की' म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. सिमिलॅरिटी म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत माफ आहे, त्याच्या वर गेल्यावर शब्द फिरवून देणारे गावात दुसरे आहेत. आमच्याकडे भांडण होतं ते परिशिष्टावरून. पानं कमी म्हणजे पैसे कमी, म्हणून पोरं पहिली कात्री तिथे लावतात. प्रश्नावली काढा, कच्च्या नोंदी काढा, फोटो काढा, पण मागच्या प्रकरणातला तक्ता मात्र रंगीत. म्हणून या हंगामापासून परिशिष्टाची झेरॉक्स निम्म्या दरात धरलीय. हाताने लिहिलेली वही असेल तर स्कॅन करून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. चहाचे डाग पुसून देणार नाही, ते आधीच सांगून ठेवते. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, आलेख फुटतात. पेनड्राइव्ह आणा.